एका मतानं

प्रिय निकिता,

आठ दिवस झाले, माझा फोन उचलत नाहीस. पप्पांचा उचलतेस, माझा तेवढा नाही. का ते मला कळतं गं. मतदानाला पुण्याहून निघालीस, शिरूरजवळ गाडी अडकली, आणि गावात पोचलीस तोवर केंद्राचं दार बंद झालेलं. त्यात मी सरपंचपदाला पडले ती एका मतानं. ते मत तुझंच, असं धरून रडत बसलीयस. म्हणून पत्र लिहितेय. पत्र काही कट करता येत नाही.

आधी सांगते, मी मजेत आहे. पाच वर्षांत पहिल्यांदा दुपारी पडले तर थेट चहालाच उठले. नळाला पाणी नाही म्हणून आता नव्या सरपंचीणबाईंचा, कडूबाईचा फोन वाजतो. वाजू दे!

मागच्या खेपेला मी दोनशे बारानं आले होते. यंदाही तेवढं धरूनच चालले होते. घरोघर नळ दिला, शाळेची भिंत बांधली. कडूबाईला तर ग्रामसेवकाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पण कांद्यानं घात केला. तिसगावच्या बाजारात कोणी विचारीना, साठवणीच्या चाळीत कांदा सडला, लोकांनी तो रस्त्यावर ओतला. भाव काय मी पाडला होता? पण माणूस चिडला की समोर दिसेल त्या खुर्चीवर राग काढतो.

खरं सांगू? चुकले मीही. भाव माझ्या हातात नाही म्हणून मी कोणाच्या चाळीकडं फिरकलेच नाही. कडूबाई मात्र रोज एकेकाच्या चाळीत बसून सडका कांदा निवडू लागायची. भाव तिच्याही हातात नव्हता, पण लोकांना ती जवळची वाटली. तरी माझं काम लोक अगदीच विसरले नाहीत, नाहीतर शंभरानं आपटले असते.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते ऐक. प्रचारात कडूबाई आपल्याही दारात आली. भर उन्हात, घामाघूम. दारी आलेली सवाशीण मोकळी कशी पाठवू? विरोधक असली म्हणून काय झालं! हळदीकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. तर ही हसत म्हणते, अक्का, ओटी भरलीस तशी मतही टाक पदरात. मीही तोऱ्यात बोलून गेले, जा, टाकलं! दोनशेनं येणारच होते ना मी, एका मतानं काय बिघडणार होतं? मशीनपुढं उभी राहिले तेव्हा बोट माझ्याच चिन्हाकडं गेलं होतं. पण ओटीत घातलेलं परत काढायचं कसं? दाबलं तिचं बटण. बाई, तू वेळेत आली असतीस तरी बरोबरीच झाली असती, चिठ्ठी काढावी लागली असती. माझं मत मी मला दिलं असतं तर सरळ निवडून आले असते. तू नाही पाडलंस मला, माझं मी पाडलं. आणि सोन्या, मला त्याचं वाईट वाटत नाही. पप्पांना मात्र यातलं काही बोलू नकोस. ते अजून कांद्याला शिव्या देतात, देऊ देत. तू डोळे पूस आणि संध्याकाळी फोन उचल.

तुझीच,
पडूनही झोप लागणारी आई