अमरावतीचा अर्धा, अकोल्याचा अर्धा

अमरावती, ता. १२ डिसेंबर १९३७

चि. सौ. शकुन हीस,

अमरावतीहून माणिकबाईचा आशीर्वाद. येथील मंडळी ठीक आहेत. तुमच्याकडील खुशाली कळवावी.

शाळेत शिकवलेलं इथवरच पुरते. चार इयत्ता झाल्या माह्या, पण सवतीले पत्र कसं लिहावं हे बाईनं काही शिकवलं नव्हतं. म्हणून पुढचं मी बोलतो तसंच लिहितो.

बगीच्यात संत्री यंदा बरी धरली. शेवंती अजून निघून राहिली. नांदगाव पेठेच्या बाजारात मीच जातो आता फुलं घेऊन, यायले, म्हणजे आपल्या मालकायले, जाता येत नाही म्हणून. हे सारं तुले काहून सांगून राहिली, काय मालूम. तुले काय करा लागते माह्या शेवंतीचं.

कामाची गोठ अशी हाय. पोळा झाल्यावर यायले पागलखान्यात ठेवलं. मी तुले कळवलं नाही, अन् कळवणारही नव्हती. हे खाईनात, बोलेनात, भिंतीकडे तोंड करून निजून राहत. एक दिवस म्हणाले, माही आतडी सडली, मले आता जेवू घालू नोको. त्या दिवशी माह्या हातातली भाकरी गळाली. मंग भावकीतल्या लोकायनं धरून गाडीत बसवलं.

तिथं एक डॉक्टर हाय, जैनुद्दीन नावाचा, तुमच्या तिकडचाच, बाळापूरचा. त्याले याच रोगायचा नाद लागला. आपल्या मुलखातल्या ज्या ज्या घरचं माणूस तिथं हाय, त्या त्या घरच्यायले बोलावते अन् खोदून खोदून इचारते. बाप कसा होता, भाऊ कसा हाय, पहिल्यांदा कधी झालं, मंग बरं झालं का, बरं झालं तर किती दिवस टिकलं. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, दवा द्या न, माह्या मेलेल्या सासऱ्याचं काय घेऊन बसले. तो म्हणे, "बाई, हे दोन वेगळे रोग आहेत. वरून एकसारखे दिसतात. एकात माणूस दूर जातो आणि फार करून परत येत नाही. दुसऱ्यात जातो आणि येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. दोघं भिंतीकडे तोंड करून शेजारी बसले तर आज बघून मलाही सांगता येणार नाही कोण कोणता. सारी जिंदगी ऐकली तर सांगता येईल."

पहिला रोग ठरला तर यायले मागच्या बराकीत नेतील. तिथून फारसं कोणी घरी येत नाही, हे शिपायानंच सांगितलं मले. दुसरा ठरला तर हे पुढेच राहतील, अन् फेरा सरला की घरी. म्हणून तो इचारत होता, नत्थुजी कधी याच्या उलट असतात का? झोप नाही, लय बोलणं, गाणं, पैसा उडवणं, मोठमोठे बेत?

मी म्हटलं, आमच्या घरी नाही.

तो म्हणे, आमच्या घरी म्हणजे?

तवा मले तुह्यं नाव घ्या लागलं. परक्या माणसासमोर म्हणा लागलं की यायची एक बायको अकोल्यात हाय अन् तिच्याकडे हे कसे राहतात ते मले मालूम नाही. आजवर माह्या तोंडानं मी तुले कोणासमोर यायची बायको म्हटलं नव्हतं.

मालूम कसं नाही, सारं मालूम हाय. अकोल्याहून येणारा हरेक माणूस मले सांगूनच जाते, अन् लोकायले सांगाले गोडही लागते. हे पहाटे तुह्या दारात गाणं म्हणतात. तुले रेशमी लुगडं आणलं. अख्ख्या गल्लीले जिलेबी वाटली. टांगा घेतो म्हणाले, मंग म्हणाले एक कशाले, दोन घेतो. अन् माह्याकडे आले की तोंड भिंतीकडे. चार वर्षं मी एकच इचार करत राहिली, हिच्यात असं हाय तरी काय. रंग माह्याहून उजळ नाही. भाकरी तर तुह्या हातची जाड होते म्हणतात. मंग मले वाटे, माह्याच घरात खोट हाय. तिथं फुलवून पाठवलेला माणूस मीच इथं सुकवतो.

हे मी डॉक्टरले सांगितलं. तो म्हणे, बाई, तुमच्याकडे ते आजारी होऊन येतात, तसे तिकडे आजारी होऊन जात असतील. तिकडचं हसणंही रोगच असू शकतं.

शकुन, तुले राग येईन, पण ते ऐकून मले लय बरं वाटलं. घरी येताना गाडीत बसून मी एकटीच हसली. तुह्यं लुगडं रोगाचं, तुही जिलेबी रोगाची, तुह्या दारातलं गाणंही रोगाचंच. इतकं गोड मले चार वर्षांत काही लागलं नव्हतं.

पण त्याले बाजारातल्या गप्पा चालत नाहीत. ज्या बाईनं डोळ्यानं पायलं तिनंच सांगावं, म्हणे. म्हणून येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं ये. मी बडनेऱ्याच्या फलाटावर उभी असन, तिथून त्याच गाडीनं दोघी पागलखान्यात जाऊ. मी तुले ओळखतो. एकदा पायलं हाय, अकोल्यात राजेश्वराच्या देवळाजवळ गजरा घेताना. मी तिथं कशाले गेली होती ते इचारू नोको.

माह्यासाठी नाही, यायच्यासाठी ये.

माणिकबाई


अमरावती, ता. १९ डिसेंबर १९३७

शकुन,

खुशाली मागच्याच पत्रातली समज.

तू आली, हे मी मानलं. गाडीत एका बाकड्यावर बसलो, मधात तुही शिदोरी. धामणगाव येईस्तोवर तू तुह्या खिडकीतून पाहत होती अन् मी माह्या. मंग तू इचारलं, "बाई, ते काही खातात का?" मी म्हटलं, नाही. तू रडाले लागली. मले तुह्या रडण्याचाही राग आला, यायच्यासाठी रडणारी मी एकटीच बरी होती.

पण डॉक्टरसमोर तू काय केलं वं? तो इचारते, अकोल्यात झोपत होते? तू म्हणते, हो. लय बोलत? माणसासारखे. पैसा उडवला? हौशी हायेत. अन् मंग मान वर करून म्हणाली, "माह्याकडे ते बरेच राहतात, साहेब. माह्यावर जीव हाय म्हणून हसतात. त्याले रोग म्हणू नका."

असा संताप आला की तुही वेणी धरून ओढावं. शिपाई दारात उभा, यायची मागच्या बराकीत जाची वेळ आली, अन् हिले आपल्या जिलेबीची पडली. पण दुसऱ्याच घडीले माह्या तोंडचं पाणी पळालं. काहून का, 'आमच्या घरी नाही' म्हणून मीही तेच करून बसली होती.

तुह्या सांगण्याची गरजच नव्हती, शकुन. याच्या उलट काय असते ते मीही पायलं हाय.

लग्न झालं त्या उन्हाळ्यात हे झोपतच नव्हते. पहाटे मोट हाकताना गाणं. बाजारात नेलेला मोगरा अर्धा न विकताच परत आणत अन् माह्या पदरात ओतत. विहिरीजवळ तुह्यासाठी कारंजं बांधतो, म्हणत. बगीच्यातल्या गड्यायसमोर माह्यं नाव घेऊन हाक मारत, मी लाजेनं गोठ्यात लपे. सासू म्हणे, या पोरीनं माह्या लेकाले येड लावलं. दसऱ्याच्या आत सारं उतरलं अन् हे भिंतीकडे वळले. त्या एका उन्हाळ्यावर मी पंधरा वर्षं काढली. तुह्याशी लग्न केलं तवाही मी मनात म्हटलं, आता तिले मिळून राहिलं, पण पहिले मले मिळालं.

ते मी कोणाले देणार नव्हती. तुह्ये दिवस रोगात जातीन, यायले घरी आणता येईन, अन् माह्ये दिवस माह्याजवळ राहतीन, असा माहा बेत होता. तू आपले देईना. मंग मले दोघीतून एकीनं द्या लागत होते.

तू ऐकतच होती. मी डॉक्टरले मोगरा सांगितला, कारंजं सांगितलं, माह्यं नाव घेतलेलं सांगितलं. डॉक्टर मधातच म्हणे, "बहुत अच्छा." त्या माणसाचं काही चुकलं नाही, त्याले जे पाहिजे होतं ते मिळालं. पण मले तो शब्द अजून टोचून राहिला.

दुसरा रोग ठरला. हे पुढच्याच बराकीत राहतीन. होळीपर्यंत फेरा सरावा, म्हणे.

तू पाणी प्याले बाहेर गेली तवा त्यानं आणखी एक सांगितलं. तुम्हाला दोन्ही बाजू ठाऊक आहेत, म्हणून घरी पाठवायचे ते तुमच्याकडेच. झोप कमी झाली, बोलणं वाढलं, हसणं वाढलं, तर मला लगेच कळवा.

म्हणजे मी जिंकली. चार वर्षं हेच मागून राहिली होती मी देवाले. पण आता हे हसले तर मले दारात उभं राहून पाहा लागीन, हे हसू कोणतं हाय. मोगरा आणला तर हात पुढे करण्याआधी मी इचारीन, काल झोपले होते का. अन् तू कधी आली, हे तुह्याकडे पाहून हसले, तर तू खुशाल हसशीन, काहून का तू काही मानलंच नाही. तुह्ये दिवस तुह्याजवळ जसेच्या तसे हायेत. आधी मी तुह्या लुगड्यावर जळत होती. आता तुह्या त्या दिवसायवर जळतो, अन् हे जळणं जास्त हाय.

तरी होळीले ये. चार दिवस राय. यायले पाहाचा तुहाही हक्क हाय, अन् आता तुले नाही म्हणाले माह्याजवळ तोंड राहिलं नाही. फक्त एक मागतो.

माह्यासमोर यायले हसवू नोको.

तुही सवत,
माणिक