महिना दिसत नाही

१२ ऑगस्ट १९९५, शनिवार
श्राद्धतिथीचा प्रोग्राम तयार! गेल्याची तारीख टाका, तिथी हजर. शिंदे घाटावर जन्म पौरोहित्यात घालवलेले माझे वडील, अप्पा, म्हणाले, साताऱ्याच्या गीताबाई येताहेत, त्यांच्या यजमानांच्या वर्षश्राद्धाची तिथी बरोबर काढलीस तर बाहेरची खोली तुझ्या कॉम्प्युटरला. नाहीतर तिथे यात्रेकरूंच्या गाद्या. समजा खोली मिळालीच.

अप्पा स्वतःच्या पंचांगाला हात लावू देत नाहीत. पानवाल्याचं आणलं. आमची सौ. शरदिनी वाचत होती, मी टाइप. मध्येच म्हणाली, हे इकडच्या उत्तरेतल्या लोकांचं, यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून वद्यात यांच्या महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एक पुढे. तिला सांगितलं, कॉम्प्युटर असले भेद मानत नाही.

कंपाइल करताना डिबगची माहिती, म्हणजे चूक शोधताना प्रोग्रामच्या आतलं दिसावं म्हणून ठेवतात ती, बंद केली. चुका करणाऱ्यांची सोय ती. प्रोग्राम कसा पळतोय!

१४ ऑगस्ट
उत्तर: भाद्रपद वद्य दशमी. अप्पा म्हणतात श्रावण. किरकोळ. चुका शोधून देणारा डिबगर कशासाठी असतो?

१५ ऑगस्ट
'महिना' या लोकल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या त्या कप्प्यात, काय आहे ते बघायचं, बस. खिडकी उघडते, आत शुकशुकाट. महिना नाही, पक्ष नाही, तिथी नाही. भिकार डिबगर! पुन्हा इन्स्टॉल करायला घेतला. निम्म्यात बिजली गेली.

१६ ऑगस्ट
पुन्हा इन्स्टॉल. पुन्हा शुकशुकाट. रामनगरला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या विष्णूला फोन केला. विचारतो, डिबगची माहिती चालू आहे ना? मी काय नवशिका आहे? फोन ठेवला.

१७ ऑगस्ट
सकाळी: आज चिडायचं नाही.
दुपारी: कीबोर्ड आपटला. शरदिनीने पुन्हा पंचांगाचं काढलं. टेक्निकल गोष्टीत बायकांनी पडू नये, असं म्हणालो. जेवण गार मिळालं.
संध्याकाळी: विचारांती निर्णय. चूक दिसत नाही, म्हणजे चूक नाही. गीताबाईंना एसटीडी लावून सांगितलं, पुढच्या महिन्यात या, कॉम्प्युटरनेच काढलंय. बाईंनी लगेच फोन ठेवला. छाप पडली.

१९ ऑगस्ट
शरदिनी देवळात गेल्यावर डिबगची माहिती चालू करून पाहिली. सहज. विष्णू म्हणाला म्हणून नव्हे. महिना लगेच दिसला. पहिल्या ओळीपासून भाद्रपद. मीच टाइप केलेला. पानवाल्याच्या पंचांगातला.

आपला श्रावणच. म्हणजे श्राद्ध उद्या! साताऱ्याला चारदा फोन लावला, कुणी उचलत नाही. बिचारीच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध माझ्यामुळे बुडणार. पानवाल्यानेही देताना सांगायला नको?

२० ऑगस्ट, रविवार
सकाळी गीताबाई दारात. मी त्या दिवशी फोन करून बाजारात गेलो, तेवढ्यात त्यांनी उलट फोन करून अप्पांना विचारलं होतं. अप्पा म्हणाले होते, तुम्ही निघा, त्याचं मनावर घेऊ नका. श्राद्ध यथासांग झालं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. शरदिनीने तर दोनदा वाढलं.

बाहेरच्या खोलीत गाद्या पडल्या. कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या बोळात. डिबगर आता उत्तम आहे, सगळी लोकल व्हेरिएबल्स दिसतात. म्हणजे दिसत असणार. मॉनिटरवर गीताबाईंचं लुगडं वाळत घातलंय, आणि ते काढा म्हणायची माझी छाती नाही.