वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा हुकूम

४ मार्च
ही शुद्धीवर आली! साधा ताप, दोन उलट्या, आणि परवा स्वयंपाकघरात कोसळली. डॉक्टरीणबाईंनी सगळं सोडून छत्तीस वर्षांपूर्वीचं विचारलं — लेक झाली तेव्हा रक्त फार गेलं होतं का? दूध आलं होतं का? पाळी?
दूध आलंच नाही, ही म्हणाली. पाळीही परत आली नाही.
तेव्हा मी म्हणालो होतो, "मायेची ओढ असली की पान्हा आपोआप फुटतो." बाळंतिणीला! मास्तरकीत पाठ्यपुस्तकी वाक्यं तोंडात बसलेली, दुसरं काय.

६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी. थायरॉइड तिच्या हुकमावर, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी तिच्या हुकमावर — दूध, पाळी, सगळं. त्या रक्तस्रावात ती सुकून गेली. वर्ग भरलेले, पण मुख्याध्यापकच नाहीत. घंटा कोण देणार? म्हणून सदा थंडी, थकवा, झोप. आळस नव्हे — आजार.
"इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?" त्यांनी सहज विचारलं.
लक्षात आलं होतं. मी त्यावर कविता केली होती.

७ मार्च
आई आमची मऊ दुलई,
सूर्य उठे पण ती ना उठई!
लेक पाच वर्षांची असताना हातवाऱ्यांसकट पाठ करून घेतली. पाहुणे आले की तिला स्टुलावर उभी करायचो. सगळे पोट धरून हसत. हीसुद्धा हसायची — शाल घट्ट ओढून.
आमच्यात कधी भांडण झालं नाही, हे मी केवढ्या ऐटीत सांगत आलो!

१५ मार्च
आधी स्टिरॉइडच्या गोळ्या, मग काही दिवसांनी थायरॉइडची. मीच देतो, घड्याळ लावून. लेक फोनवर म्हणाली, बाबा, प्रायश्चित्त जेवणाआधी घ्यायचं की नंतर?
जिव्हारी लागलं.

२ एप्रिल
माझ्या आधी उठली! खिडक्या उघडल्या, शाल धुवायला टाकली. क्षमा मागायचे शब्द मी मनात जुळवून ठेवले होते. पाहतो तर यमक साधलेलं! लाज वाटली. नुसत्या गोळ्या काढून दिल्या.

९ एप्रिल
शेवटी चहा घेताना म्हणालो, "चुकलंच माझं. पण तू तेव्हा कधी रागावली कशी नाहीस?"
तिनं कप खाली ठेवला. "रागवायला अंगात बळ लागतं. आता आलंय."
दुपारी लेकीकडे गेली. किती दिवस, ते विचारायचं धाडस झालं नाही. गोळ्यांचा डबा तिनं स्वतःच पर्समध्ये ठेवला.