कणीएवढ्या गोगलगायीला माझं नाव

११ नोव्हेंबर
आजपासून भांडण बंद. बीपी वाढतं. पंकजशीसुद्धा नाही. परवापरवा माझ्याकडे बारावीचं झूलॉजी शिकत होता, आता पीएचडी होऊन आमच्याच स्टाफरूममध्ये माझ्याच पंख्याखाली बसतो. असो.

त्याने आज एक गोगलगाय दाखवली. तांदळाच्या कणीएवढी. शेणवे गावाच्या वरच्या वाडीतल्या झऱ्यातली. म्हणे, सर, दुसऱ्या कुठल्याच झऱ्यात मिळत नाही, नवी जात असावी. शोधली त्याने, कबूल. पण बघायला शिकवलं कोणी?

१२ नोव्हेंबर
जातीचं नाव ठरलं. कुंडलिकी. माझं आहे म्हणून नव्हे, कानाला बरं लागतं.

१६ नोव्हेंबर, दुपारी
रजा टाकली. कारण, दाढदुखी. झऱ्यावर गेलो. पंकजचं म्हणणं, मोजणी होईपर्यंत एकही उचलायची नाही. दगड उलटे करकरून, चहाच्या गाळणीने सगळ्या उचलल्या. तीनशे बारा. आता मोज म्हणावं.

पाणी भरायला आलेली वाडीतली सावळी म्हणाली, सर, बियाला तरी ठेवा, मंग काय नाय ऱ्हायचा. अडाणी बाई.

१८ नोव्हेंबर
लॅब अटेंडंट वत्सलाबाई म्हणते, फॉर्मॅलिनमध्ये शंख विरघळतो, स्पिरिट वापरा. हिने जन्मभर बाटल्या विसळल्या. म्हटलं, विसळा. फॉर्मॅलिनच ओतलं, काठोकाठ. बाटली कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

३० नोव्हेंबर
पंकज झऱ्यावरून रिकामा आला. एकही दिसली नाही म्हणे. रडकुंडीला आला होता. सांगितलं, थंडीत खाली जातात. घरी एक भाकरी जास्त खाल्ली.

२ जानेवारी
गोगलगायींच्या जाती ठरवणाऱ्या तज्ज्ञ बाईंना फोन केला. शंखाचे वेढे मोजल्याशिवाय जात ठरत नाही म्हणाल्या. बाटली उघडली. एकीलाही शंख नाही. तळाशी नुसता भिजल्या साबुदाण्यासारखा गाळ. वत्सलाबाई दारात उभी होती. हातातली बाटली विसळायला निघून गेली. उद्धट.

५ जानेवारी
चार तास झऱ्यात. गुडघे गेले. एक नाही.

६ जानेवारी
सावळीने पंकजला सगळं सांगितलं. तो ओरडणार, म्हणून चार तिखट उत्तरं कागदावर लिहून नेली होती. ओरडला नाही. मला खुर्ची दिली. एवढंच विचारलं, सर, एखादी तरी ठेवली होतीत ना?

ठेवली होती म्हटलं.

मग होतील परत, म्हणाला. आणि वही घेऊन झऱ्यावर मोजायला गेला.