राहिलेली पेनल्टी

प्रिय भिंगरी,

तुझ्या कानावर आलंच असेल. तुमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहाच्या आधी बातमी पोहोचते, हे मला माहीत आहे. तरी माझ्याकडूनही ऐक. साथीमुळे अर्धवट राहिलेला आपल्या बायकांच्या फुटबॉल लीगचा मोसम पुन्हा सुरू करायचा, असं काल कमिटीत ठरलं. मतं समसमान पडली आणि अध्यक्ष म्हणून शेवटचं मत माझं होतं. म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या असलेल्या तुमच्या टीमला आयता मिळणारा कप मी अडवला. सख्ख्या बहिणीच्या तोंडचा घास काढला म्हणून आज सकाळपासून माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि तोंडसुख घेणारेच जास्त आलेत. एका गृहस्थाने तर माझ्याच काउंटरवर कोपर टेकवून विचारलं, की तुम्ही स्वतःचे डोळे शेवटचे कधी तपासले? पंचगिरी करणाऱ्या चष्मेवाल्याला हे आयुष्यभर ऐकावंच लागतं. अध्यक्ष झाल्यापासून त्यात भर पडली, इतकंच.

मीटिंग शाळेच्या शेडमध्ये झाली. खुर्च्या इतक्या लांब लांब मांडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडावर मास्क, त्यामुळे साधं बोलणंही भांडणासारखं ऐकू येत होतं. छापखान्याच्या टीमची कॅप्टन म्हणाली, मोसम रद्दच करा, पाटी पुसून नव्याने सुरुवात करा. त्यांची टीम तक्त्यात अगदी मधोमध आहे, त्यांना सुख ना दुःख. शिक्षिकांच्या टीमने सांगितलं, आहे तसा तक्ता धरा. जेवढा पेपर लिहून झालाय तेवढ्यावर मार्क द्या आणि मोकळे व्हा. पहिल्या आलेल्या हॉस्पिटलला कप द्या, शेवटच्या बेकरीला खालच्या गटात पाठवा. शिवाय साथीत या पोरींनी जे केलं त्याचं तेवढंच चीज होईल, असं त्यांच्या बाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तुझा भाऊ आहे, दगड नाही.

मग बेकरीच्या गोलकीपर उठल्या, आपल्या भट्टीवाल्या मावशी. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलच्या पोरींबद्दल आम्हाला सांगायला नको, आमच्या घरची माणसं त्यांच्याच हाताखाली बरी झाली. पण सगळं बंद होतं तेव्हा आमचा पाव सगळ्यांनी खाल्ला, त्या वेळी भट्टी बंद ठेवा असं कुणी म्हणालं नाही. आता आमचे सामने शिल्लक असताना घरी बसवून हरवू नका. हरवायचं तर मैदानात हरवा, आम्ही मुकाट्याने खाली जाऊ. एवढं बोलून त्या बसल्या.

मी म्हटलं, खेळूनच संपवू. पुढचा मोसम उशिरा सुरू होईल, तर होऊ दे. तो छोटा करू, प्रत्येक टीमशी दोनदाऐवजी एकदाच खेळू. आजारातून उठलेल्यांना लवकर धाप लागते, म्हणून बदली खेळाडू हवे तितके घ्या, मधे पाण्यासाठी थांबा, पळवत नसेल तर चाला. कुणी हसणार नाही. हे वर्ष फुकट गेलं म्हणून पुसायचं नाही आणि पुरं झालं म्हणून खोटं सांगायचंही नाही. ते थांबलं होतं, तर थांबलं तिथून पुढे नेऊ. हे भाषण मी आरशापुढे दोनदा करून गेलो होतो. आईने स्वयंपाकघरातून विचारलंही, कुणाला झापतोयस?

आता त्या दिवसाबद्दल. तू विसरली नसशीलच. सामना तुमचा आणि बेकरीचाच होता, बरोबरी चालली होती, आणि त्यांच्या उंच बचावपटूने तुला गोलसमोर आडवी पाडली. मी पेनल्टी दिली. चेंडू ठिपक्यावर ठेवून तू मागे सरकलीस, मावशी हात पसरून उभ्या राहिल्या, आणि नेमकी तेव्हाच कुंपणापलीकडे ती भोंगा लावलेली जीप येऊन थांबली. सगळं बंद, घरी जा, गर्दी करू नका. मी सामना थांबवायला शिट्टी वाजवली. तुला वाटलं, मार म्हणून वाजवली! काय सणसणीत मारलास गं. मावशी जीपकडे बघत होत्या आणि चेंडू जाळीत. तुमच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, जीपमधला माणूस भोंग्यातून ओरडतोय लांब व्हा, लांब व्हा, आणि मी मधे उभा राहून हात हलवतोय, की गोल धरलेला नाही, शिट्टी थांबायची होती. तू माझ्या छातीवर बोट रोवून मला काय काय म्हणालीस ते मी लिहीत नाही, पत्र आई वाचून बघते. मग तुझा फोन वाजला, वॉर्डात बोलावलं होतं, आणि तू चिखलाच्या मोज्यांनिशी तशीच ड्यूटीवर गेलीस.

तेव्हापासून तू हॉस्टेलवरच आहेस. आधी आम्हाला लागण होऊ नये म्हणून, आणि आता कशासाठी ते आम्ही विचारत नाही. सुरुवातीला तुझा फोन यायचा तेव्हा तू किती थकलेली असायचीस, पण ठेवताना न चुकता म्हणायचीस, आणि दादा, माझा गोल दे. आई हसायची, मी म्हणायचो मिळणार नाही, आणि फोन बंद व्हायचा. आमची रात्र त्यावर बरी जायची. मग वॉर्ड भरत गेला. तू सांगायचीस त्यापेक्षा जास्त आम्हाला तुझ्या गप्प बसण्यातून कळायचं. एक दिवस तू गोल मागितलाच नाहीस. मला वाटलं, घाईत असेल. पुढच्या वेळीही नाही मागितलास. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी उगाच एक चष्मा पुसत बसलो.

आणि मागच्या आठवड्यात मी तुला कळवलं, की कमिटी तुम्हाला कप द्यायचं म्हणतेय. तुझं उत्तर आलं, द्यायचा तर द्या, मला काय. भिंगरी, एका थ्रो-इनवरून तू माझ्याशी अबोला धरलेला आहेस. लहानपणी मी मुद्दाम गोल सोडला की चेंडू आणून माझ्या पायावर आपटायचीस, नीट खेळ म्हणून. आणि तू म्हणतेस, मला काय? पुढची मीटिंग, ती मतं, ते माझं भाषण, सगळं त्या दोन शब्दांतून वर आलं.

कप तुझ्या हॉस्टेलवर पोचता केला असता, तर तू तो कपाटावर ठेवला असतास आणि खेळाचं दार तुझ्यापुरतं कायमचं लागलं असतं. म्हणून मी तो दिला नाही. बेकरीचं म्हणणं न्यायाचं होतं, ते नसतं तरी मी हेच केलं असतं की काय, हे मलाही सांगता येत नाही. पहिला सामना येत्या रविवारी सकाळी आहे, तुमचा आणि बेकरीचाच, थांबला तिथून. आणि आपल्या लीगचा जुना रिवाज तुला माहीत आहे, जिला पाडलं तिनेच पेनल्टी मारायची, दुसरीला ती देता येत नाही. तू आली नाहीस तर पेनल्टी बुडेल. तुमच्या पोरी तुला सांगायला धजत नाहीत, म्हणून मी सांगतोय. मावशींनी निरोप दिलाय, की या वेळी जीप आली तरी मान वळवणार नाही. आईने तुझे बूट उन्हात ठेवलेत आणि कुणालाही हात लावू देत नाही. खेळ संपेपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही. चेंडू मावशींच्या हातात मार, कुंपणाबाहेर मार, मारून लगेच वॉर्डात परत जा. पण ये. आणि आलीस की आधी माझ्या छातीवर बोट रोवून माग. गोल मिळणार नाही. पेनल्टी मिळेल.

तुझाच,
दादा
(रविवारी मात्र फक्त पंच)