यमाता आणि दोन फ्री थ्रो

रविवार, लोणावळा

जिंकलो! नात मुक्ताचं कॉलेज बास्केटबॉलमध्ये अजिंक्य! अक्षर वेडंवाकडं येतंय.

मुक्ताच्या संघातल्या कामशेतच्या कोमलने समोरच्या उंच मुलीला शेवटपर्यंत हलू दिलं नाही. तरी अखेरीस आपण एका गुणाने मागे, आणि दोन फ्री थ्रो आमच्या मुक्ताकडे. गेल्या वर्षी हेच दोन हुकून चषक गेला. म्हणून तर वर्षभर अंगणात शिकवलं तिला, चेंडू भुजंगप्रयात वृत्ताच्या तालावर आपट, मग टाक. यमाता, यमाता. एक ठोका हलका, दोन जड.

पहिला आत. बरोबरी! दुसऱ्यासाठी तिने ताल धरला आणि मी पहिल्या रांगेत डोळे मिटून यमाता यमाता करत थेट शाळेच्या बाकावर, वृत्तं घोकत. असं कसं झालं माझं?

कोमलचे वडील मला गदागदा हलवत होते. "आबा, डोळं उघडा की! गेला आत! जिकलो आपुन!"

बघायचा तो एकच चेंडू, तोच चुकवला मी.

मुक्ता धावत आली. "आजोबा, दुसरा पाहिलात?"

"पाहिला तर!"

"खोटं! डोळे मिटलेले दिसले मला."

"मग गं?"

"मग काय! म्हटलं, आजोबा निवांत झोपलेत, म्हणजे आपण जिंकतोय."