शिकारीच्या बाजूने वर गेलेला हात

बाबा, आज सकाळी रेडिओवर पुन्हा कोल्ह्यांच्या शिकारीच्या कायद्यावर चर्चा लागली होती, आणि मी हातातला चहा तसाच ठेवून तुमच्यावर चिडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं आई म्हणते, पण मला ते जमत नाही.

लीड्सपासून तासाभरावरचं ते खेडं आणि त्यातले तुम्ही एकटे डॉक्टर. कुत्री सोडून कोल्ह्यांच्या शिकारीला जाणारे लोक घोड्यावरून पडले की लंगडत तुमच्याकडे यायचे आणि ख्रिसमसला तुमच्या दाराला फेझंटची जोडी लटकवून जायचे. लांब शेपटीचे ते सुंदर पक्षी, माना दोरीने एकत्र बांधलेल्या. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. आई नाक मुरडत त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळायची, तुम्ही फावडं घेऊन मागच्या बागेत पुरून यायचात, आणि दुसऱ्या दिवशी देणाऱ्याला हसून सांगायचात, "लव्हली! व्हेरी टेंडर!" मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. पुरलेले पक्षी मागच्या रानातली कोल्हीण उकरून न्यायची. एकदा तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे आहात आणि मला खुणेने बोलावताय. "हळू ये गं. बघ, पिल्लांना घेऊन आलीये. पार्टी आहे आज." तुमच्या तोंडावर इतकं कौतुक, की माझ्या शाळेच्या निकालालाही तेवढं नव्हतं.

म्हणूनच तर राग येतो. शिकारीवर बंदी आणायची की नाही यावर लंडनमध्ये खडाजंगी चालू होती, तेव्हाची गोष्ट. आपल्या मागचं रान गावाच्या मालकीचं. तिथे शिकारी कुत्र्यांना येऊ द्यायचं का, यावर गावाने व्हिलेज हॉलमध्ये हात वर करून मत द्यायचं ठरलं. मी युनिव्हर्सिटीतून मुद्दाम त्यासाठी घरी आले होते. निघताना तुम्ही कुरकुरलात, "आपण कशाला मध्ये पडायचं? आपण इथे प्रॅक्टिस करायला आलो, व्होटिंग करायला नाही." आई म्हणाली, "व्होट आहे म्हणूनच लीफलेट आलं ना घरी? नाहीतर कशाला पाठवतील?" तुम्ही टाय नीट केलात.

हॉलमध्ये आपण दोघंच तिसऱ्या रांगेत बसलोय. अध्यक्ष विचारतात, शिकारीच्या बाजूने कोण? पुढच्या दोन रांगा उठल्यासारखे हात वर जातात. तुम्ही आधी डावीकडे बघता, मग उजवीकडे, मग मान वळवून मागेही बघता. आणि मग तुमचा हात वर जातो. अर्धवट नाही, चांगला ताठ. शेजारचा शेतकरी तुमच्या पाठीवर थाप मारतो, "गुड मॅन, डॉक्टर!" आणि तुम्ही लाजून हसता. ते हसणं मला आजही सहन होत नाही. कोणी तुमच्यावर बंदूक रोखली होती का? गप्प बसला असतात तरी चाललं असतं! गाडीत मी विचारलं तर म्हणालात, "अगं, सोमवारी हेच लोक दवाखान्यात माझ्यासमोर बसणार. तुला नाही कळायचं." तीस वर्षं तुम्ही त्यांचा रक्तदाब मोजलात, रात्रीबेरात्री त्यांच्या घरी गेलात, आणि तरी एक नको म्हणायची तुमची हिंमत नव्हती. रान शिकाऱ्यांना मिळालं. त्या हिवाळ्यानंतर कोल्हीण काही दिसली नाही. तुम्ही खिडकीशी उभं राहणं सोडलंत.

पुढचं मी सगळ्यांना सांगत आले आहे. नवऱ्याला, मैत्रिणींना, इथे वॉटफर्डच्या आमच्या मराठी मंडळात तर दोनदा. अध्यक्षांनी "विरोधात कोण?" विचारल्यावर मी हात वर केला आणि तुम्ही माझं मनगट धरून तो खाली ओढलात. ऐकणारे हळहळतात. कोणी म्हणतं, त्या पिढीचे बाप तसेच.

तेच इथेही लिहायला बसले होते. पण हे पत्र तुम्हालाच लिहितेय, आणि ती गोष्ट खोटी आहे हे माहीत असलेला माणूस जगात एकच होता. तुम्ही माझ्या मनगटाला हात लावला नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. विरोधात सहा-सात हात वर गेले, आणि मी त्या वेळी वाकून पर्समध्ये काहीतरी शोधत होते. त्यात मला काही सापडायचं नव्हतं, बाबा.